टाकीतला तांबट

“पोट्या, हलू देऊ नकोस रे! घट्ट धर!” नाना करडे बाहेरून ओरडले.

धरलं होतंच. टाकीच्या आत उकिडवा बसून, दोन्ही गुडघे आणि कपाळ लावून मी ट्रकचा रेडिएटर समोरच्या पत्र्यावर दाबला होता. त्याच्या दोन नळ्या पत्र्यातल्या दोन पितळी कड्यांतून बाहेर डोकावत होत्या. माप बरोबर बसलं होतं.

“बसलं, नाना! आता हा बाजूला सरकवून मी बाहेर येतो! डाग नंतर द्यायचा!”

“आँ?”

“डाग नंतर! मी बाहेर आल्यावर!”

“हो हो,” नाना म्हणाले आणि त्यांच्या वहाणांचा आवाज लांब गेला.

नानांच्या ‘हो हो’वर विसंबू नये हे आळीत सगळ्यांना माहीत होतं. जन्मभर तांबं ठोकलेला माणूस. आमच्या नाशकातल्या तांबट आळीत पन्नाशी उलटली की कान भिकबाळी घालायच्या कामाचे तेवढे उरत. समोरच्याचे ओठ हलताना दिसले की नाना हो म्हणत, आणि मी तर टाकीत होतो, ओठ दिसायचा प्रश्नच नव्हता.

मी पाना चाचपत होतो तेवढ्यात बाहेर दिवा पेटला. म्हणजे डाग द्यायचा, धातूचे जोड सांधायचा दिवा, स्टोव्हसारखा फुरफुरणारा. रेडिएटरच्या जाळीतून मला नुसता निळा उजेड दिसला आणि फडकं गुंडाळलेला एक हात. नवसागराचा धूर नाकात गेला.

“नाना! अहो नाना, आत्ता नाही!”

दिवा वरच्या नळीवरून खालच्या नळीवर आला, तिथे थोडा रेंगाळला आणि विझला. मी रेडिएटरला खांदा लावून पाहिला. भिंतीला खांदा लावल्यासारखं वाटलं.

आता जरा टाकीचं सांगतो, म्हणजे मी कुठे अडकलो ते कळेल. जुन्या पाण्याच्या टँकरची ती टाकी, आडवी पाडलेली. एका तोंडाला भोक, तेही असं की जाड माणसाने नुसतं बघून परत फिरावं. मी त्या काळी इतका बारीक होतो की पावसात दोन थेंबांच्या मधून कोरडा चालत जायचो. म्हणून आत जायचं काम माझं. आधी मी सरपटत शिरलो, मग तिरका करून रेडिएटर माझ्यामागून आला आणि तो भोकाच्या आतल्या बाजूला उभा केला, दारासारखा. आता त्या दाराला बाहेरून डाग बसला होता आणि दाराच्या आत मी होतो. टाकीचं तोंड वखारीच्या मागच्या भिंतीकडे. मध्ये एक माणूस अंग चोरून बसेल एवढीच जागा. तिथून फटीतून जेवढा उजेड येई तेवढा माझा.

आणि दुपारी मुंबईची बस होती. बाहेर खुंटीला माझा शर्ट होता, शर्टाखाली पिशवी, पिशवीत पासपोर्ट. मुंबईला एजंट वाट बघत होता, पुढे मस्कत, एका मोठ्या गॅरेजमधली नोकरी. ही बस चुकली तर माझ्या जागी दुसरा उभा होता, एजंटने तसं बजावूनच सांगितलं होतं.

“नाना!” मी पाना घेऊन टाकीवर ठोकायला लागलो.

ठण, ठण, ठण. टाकीच्या आत तो आवाज डोक्यात मोहोळ उठवत होता. बाहेर शेजारी पिंपळ्यांच्या वखारीत हंडा ठोकत होते, पलीकडे घंगाळं चाललं होतं, समोर कुणी तरी परात सरळ करत होतं. मी आणखी जोरात ठोकलं.

भोकापुढे सावली आली. कुमुद. नानांची मुलगी. भिंत आणि टाकी यांच्या मधल्या जागेत ती पदर खोचून बसली होती आणि जाळीतून मला तिचे तुकडे दिसत होते. एक भुवई, अर्धी नथ, हनुवटी.

“काय रे दिगू, काय चाललंय?”

“कुमुद, बरी आलीस. नानांनी डाग दिला! मी आत आणि डाग दिला!”

“अगं बाई.”

“बोलव त्यांना. दिवा घेऊन यायला सांग.”

“नाना गेले वत्सलाकाकूंच्या कार्यालयात. गाडी कधी पाठवताय ते विचारायला.”

“मग पिंपळ्यांना बोलव.”

“करड्यांनी दिलेला डाग पिंपळे सोडवतील? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? दोन घरांत पाणी देणंघेणं बंद होईल.”

हे खरं होतं. आमच्या आळीत एकाच्या जोडाला दुसऱ्याने हात लावायचा नाही. माणसं भावकीच्या भांडणात कोर्टात गेली, पण एकमेकांच्या जोडाला कुणी दिवा लावला नाही.

“माझी बस आहे ग दुपारी.”

“हो का?” कुमुद म्हणाली. “मस्कतची?”

“मुंबईची. मुंबईहून मस्कत.”

“ते गेल्या वर्षी जपानला गेला होतास तसंच ना? बोटीवर कप्तान म्हणून?”

जपानची गोष्ट मी आळीत वर्षभर पुरवून पुरवून सांगितली होती. त्यात एक देवमासा होता आणि त्याच्या पोटात एक कल्हईवाला होता. त्या सकाळी मी घरोघरी जाऊन सांगून आलो होतो की आज मी मस्कतला चाललो. पिंपळ्यांच्या म्हातारीने विचारलं, “देवमासा न्यायला येणार का रे?” कुणाचाही विश्वास बसला नव्हता. निरोपाचं दही सुद्धा कुणी हातावर घातलं नाही.

“या वेळी खरं आहे,” मी जाळीला तोंड लावून म्हणालो.

कुमुदने एक बोट जाळीवरून फिरवलं. तांब्याची ती पातळ पानं तिच्या बोटाखाली किणकिणली.

“किती नाजूक आहे रे हा,” ती म्हणाली. “मार की एक लाथ. मोडेल आणि येशील बाहेर.”

“आणि संध्याकाळी वऱ्हाड उतरेल त्यांना काय देऊ? माझ्या लाथेचं गरम पाणी?”

“तुला काय त्याचं? तू तर मस्कतला.”

मी पाय उचलला होता, हे मी आज कबूल करतो. तो तसाच खाली ठेवला. हा रेडिएटर मी भंगारातून निवडून आणला होता. त्याचे वरचे-खालचे डबे काढून, आतला गंज खरवडून, प्रत्येक नळीत फुंकून बघितलं होतं. आणि त्या पत्र्यातल्या पितळी कड्या नानांनी स्वतःच्या हाताने ओतल्या होत्या. नानांच्या हाताला कित्येक महिन्यांत मिळालेलं हे पहिलं काम होतं. लोक स्टीलच्या बादल्या घेत होते, बंब कुणाला नको होता. मी तर केव्हाच तांबटकी सोडून द्वारकेच्या चौकात ट्रकच्या रेडिएटरना डाग देत बसलो होतो. तेव्हापासून नाना मला माणसांत धरत नसत. “भांडं घडवतो तो तांबट,” ते म्हणायचे, “ठिगळं लावतो तो पोट्या.”

हे कामही मीच त्यांच्या गळ्यात मारलं होतं. वत्सलाबाई गायधनींचं मंगल कार्यालय होतं. मागच्या हिवाळ्यात जानवशाला लाकडं ओली निघाली, बंब पेटेना. वरमाईला गार पाण्याने आंघोळ करावी लागली आणि ती ऐन मुहूर्ताला रुसून पाटावर यायला तयार होईना. मी वत्सलाबाईंना जाऊन सांगितलं की कसारा घाटात एक ट्रक डोहात पडला, आणि त्याच्या रेडिएटरने डोह असा तापला की खालच्या गावात मासे शिजूनच जाळ्यात यायला लागले. बायका नुसतं मीठ घेऊन काठावर बसायच्या. वत्सलाबाई पोट धरून हसल्या, पण मासे सोडून बाकीचं त्यांच्या डोक्यात बसलं. कारण बाकीचं खरं होतं. रेडिएटर इंजिनाची ऊब घेतो आणि वाऱ्यावर उधळून देतो. मी म्हटलं, वाऱ्याला फुकट देण्यापेक्षा पाण्याला द्या. गच्चीवर काळ्या रंगाचे पत्रे आणि नळ्या, त्यातलं पाणी उन्हाने तापणार. पण त्यांच्या बोअरच्या पाण्यात एवढा क्षार की बारीक नळ्या महिन्याभरात बुजल्या असत्या. म्हणून पत्र्यातलं स्वच्छ पाणी वेगळं ठेवायचं. ते टाकीतल्या रेडिएटरमधून फिरत राहणार, आपली ऊब टाकीतल्या आंघोळीच्या पाण्याला देणार आणि परत वर जाणार. दोन पाणी एकमेकांना शिवणारच नाहीत.

“कुमुद,” मी म्हणालो, “तुला दिवा पेटवता येतो का?”

“मला? बायकांनी दिव्याला हात लावायचा नाही, ठाऊक नाही का? आमचं काम चिंच आणि राख. घासा आणि चमकवा.”

“मग नाना येईपर्यंत मी काय करू?”

“एक गोष्ट सांग,” कुमुद म्हणाली आणि उठून गेली.

मी पुन्हा ठोकायला लागलो. या वेळी दोन्ही हातांनी. पाठीमागे टाकीचा दुसरा पत्रा, वर पत्रा, खाली पत्रा, समोर जाळी. मला वाटलं, मी आयुष्यभर इथेच आहे. या आळीत जन्मलो, या ठणठणाटात रांगायला लागलो, बाहेर पडलो तर द्वारकेपर्यंत. आता एकदा खरोखर सुटायची वेळ आली तर मला डब्यात घालून झाकण लावलं.

बाहेर छत्रीचं टोक टाकीवर वाजलं. टुक, टुक.

“पोटे, आहात का आत?” वत्सलाबाई.

“आहे, काकू! मला बाहेर काढा!”

“काय म्हणतोय हो हा?” त्यांनी कुणाला तरी विचारलं.

“काम जोरात चाललंय म्हणतोय,” नानांचा आवाज आला. “ऐका ना कसा ठोकतोय. पोराचं हाड कष्टाळू आहे, डोकं तेवढं वाया गेलंय.”

माझ्या बाबतीत नानांच्या तोंडून तो पहिला बरा शब्द. मी जीव खाऊन ठोकत होतो आणि बाहेर माझं कौतुक होत होतं.

“करडे, मला डोळ्यांनी बघायचंय तापतं की नाही,” वत्सलाबाई म्हणाल्या. “या पोट्यांचे मासे मी ऐकलेत. वऱ्हाड वाटेत आहे माझं. गच्चीवर चढवल्यावर गार निघालं तर मी तुम्हाला शोधत कुठे येऊ? आत्ता दाखवा.”

“दाखवू की,” नाना म्हणाले. “कुमे, बंबात पाणी उकळलंय ना? रबरी नळ्या लाव.”

सावली परत आली. कुमुद रबरी नळी हातात घेऊन भिंतीलगत सरकत आत आली आणि ती वरच्या नळीवर चढवायला लागली.

“काय करतेस?”

“चाचणी.”

“अगं, मी आत आहे!”

“म्हणून तर. आतून बघ, गळतंय का.”

“नानांना सांग ना मी अडकलोय!”

तिने दुसरी नळी खालच्या तोंडाला लावली. हात अगदी सावकाश चालले होते. “सांगितलं तर ते दिवा घेऊन येतील,” ती म्हणाली. “मग तू बाहेर येशील. मग तुझी बस येईल.”

“मग?”

“मग काही नाही,” म्हणाली आणि गेली.

नानांनी वरून नरसाळ्यात पाणी ओतलं. रेडिएटरच्या पोटात गुळगुळ झाली. पाणी एका एका नळीतून खाली उतरताना मला ऐकू येत होतं. पहिल्यांदा वरची पानं तापली, मग मधली, मग सगळा रेडिएटर. आता मला सांगा, ट्रकच्या तोंडाशी उभं राहिलं की कसा झोत लागतो? तो झोत मोकळ्या रस्त्यावर लागतो. इथे मी, तो आणि बंद टाकी. माझ्या मिशा त्या दिवशी सरळ होत्या, त्या कायमच्या कुरळ्या झाल्या, आजही बघा. घाम इतका आला की मला वाटलं टाकी मीच भरणार.

“खालून पाणी कोमट झालंय!” बाहेर वत्सलाबाई चित्कारल्या. “वर कढत ओतलं आणि खाली कोमट! मधली ऊब गेली कुठे हो?”

“आत,” नाना म्हणाले. “टाकीत.”

“वा, करडे! वा!”

“आणखी ओतू?”

“ओता की!”

दुसरी बादली उतरली. मी ठोकत होतो. छातीवर कुणी तरी पाट ठेवून बसल्यासारखं झालं होतं. हातातला पाना घामाने निसटला, मी तो शोधून पुन्हा ठोकला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी किती मूर्ख आहे.

तांबट आळीत ठोकण्याचा आवाज म्हणजे सगळं ठीक आहे. आमच्याकडे बायका पोळ्या लाटता लाटता कानाने हिशेब ठेवतात, हा आपला ठोका, हा शेजारचा, हा पलीकडचा. ठोका चालू असला की कुणी मान वर करत नाही. तो मध्येच तुटला की हातातलं टाकून माणसं धावतात. पिंपळ्यांचे आजोबा ऐरणीवरच गेले तेव्हा कुणी हाक मारली नव्हती. ठोका अर्ध्यावर राहिला, आणि आळी दारात जमली. मी गेला सगळा वेळ ओरडून ओरडून सगळ्यांना सांगत होतो की माझं उत्तम चाललंय.

मी पाना खाली ठेवला.

पाठ टेकली, डोळे मिटले आणि गप्प बसलो. जन्मात पहिल्यांदा गप्प बसलो असं माझी आई म्हणाली असती.

बाहेर नानांची बादली खाली टेकली. “थांबला का हो हा?” वत्सलाबाईंनी विचारलं. नानांना माझा ठोका कानाने ऐकू येतच नव्हता. ते टाकीला हात लावून उभे होते आणि तळव्याने ऐकत होते. आता तळव्याला काही लागत नव्हतं.

“पोट्या?”

भोकापाशी कुमुद आली. “दिगू.”

मी हललो नाही.

“दिगू, सोंग करू नकोस. दिगू! अरे बोल!” तिने जाळीत बोटं घातली आणि चटका बसून ओढून घेतली. मग पुन्हा घातली. “नाना!” ती ओरडली. मी तिचा तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता. “नाना, दिवा आणा! तो बोलत नाहीये!”

शेजारचा हंडा थांबला. मग घंगाळं थांबलं. मग परात. एकेक ठोका मागे मागे विझत गेला, थेट आळीच्या तोंडापर्यंत, आणि मग काहीच उरलं नाही. आमची आळी एवढी शांत मी कधी ऐकली नव्हती. कुठे तरी नळ गळत होता, तो ऐकू येत होता. एक कावळा ओरडला. त्या शांततेत मला इतकं एकटं वाटलं की मी डोळे उघडले.

समोर जाळीपलीकडे नाना. कसे तरी फटीत घुसले होते, घाम गाळत, हातात दिवा. त्यांनी माझे उघडे डोळे बघितले.

“जिवंत आहेस.”

“आहे, नाना.” मी तोंड मोठं करून, ओठ दिसतील असं म्हणालो. “तुम्ही डाग दिलात. मी आत होतो.”

“मी?” नानांनी दिवा खाली ठेवला. वरच्या नळीच्या जोडावरून बोट फिरवलं. मग चष्मा काढून, डोळा अगदी जवळ नेऊन बघितलं. मग खालचा जोड बघितला. फार वेळ लावला त्यांनी. बाहेर आळी जमून कुजबुजत होती.

“हा डाग माझा नाही,” नाना म्हणाले. “माझा डाग थोडं पोट काढतो. माझ्या बापाचाही काढायचा. हा बघ, कडेला कडा. ओघळ नाही, बुडबुडा नाही. कुणाचा हात हा?”



नानांनी मान वळवली. कुमुद फटीच्या तोंडाशी भिंतीला टेकून उभी होती. उजव्या हाताची बोटं पदरात लपवलेली.

“दाखव,” नाना म्हणाले.

तिने हात पुढे केला. जाळीच्या चटक्यांनी बोटं लाल झाली होती. पण अंगठ्याच्या मुळाशी नवसागराचा पांढरा व्रण होता, तो आजचा नव्हता.

“दिवा कधी शिकलीस?”

ती नानांसमोर येऊन त्यांना ओठ दिसतील अशी उभी राहिली. “तुम्ही जेवून आडवे होता तेव्हा.”

“किती दिवस?”

“पुष्कळ.”

नानांनी पुन्हा त्या जोडाकडे बघितलं. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला जाळीतून नीट दिसलं नाही. “असा डाग मी नाही सोडवणार,” ते म्हणाले. “माझा हात त्याला लागायचा नाही. जिने दिला तिने सोडवावा.” आणि ते फटीतून बाहेर पडले. बाहेर कुणी तरी काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाले, “माझ्या पोरीचं काम चाललंय. गर्दी करू नका.”

कुमुदने रबरी नळ्या ओढून काढल्या, आतलं पाणी सोडलं आणि माझ्यासमोर बसली. दिवा मध्ये होता, न पेटवलेला.

“तू केलंस हे?” मी म्हणालो.

“तूच म्हणालास ना, या वेळी खरं आहे.”

“विश्वास बसला तुझा? आळीत एकाचाही बसला नाही.”

“थापा मारतोस तेव्हा तू सगळं सांगतोस. देवमाशाच्या पोटात कल्हईवाल्याने कोळसे कुठून आणले ते सुद्धा सांगतोस. आज सकाळी दारात आलास आणि म्हणालास, जातो. एवढंच. मला तेव्हाच कळलं.”

मी मिशीचं टोक ओढलं, ते परत वळलं.

“मग असं कोंडायचं?” मी म्हणालो. “नुसतं थांब म्हणाली असतीस.”

“का म्हणू? तू विचारलंस का, थांबू का म्हणून? सगळ्या आळीला सांगत सुटलास. मला विचारलं नाहीस.” तिचा आवाज चढला नाही. “बस निघून जाईपर्यंत ठेवणार होते. तेवढंच. मग सोडणार होते. मग तू गप्प बसलास.”

“मला वाटलं घाबरशील.”

“घाबरले.” तिने काडी ओढली. “बस अजून आहे. जायचं तर जा.”

दिवा फुरफुरला. तिने वरच्या नळीला ज्योत लावली, डाग पाघळला, एक चंदेरी थेंब खाली पडला. मग खालची नळी. मी रेडिएटर आतून बाजूला सरकवला आणि डोकं भोकातून बाहेर काढलं. हिवाळ्याची हवा तोंडावर आली तेव्हा मला रडू फुटेल असं वाटलं. खांदे खरवडत, कोपर सोलत मी बाहेर आलो. कुमुदने माझा हात धरला नाही. ती मागे सरकून जागा देत राहिली.

अंगणात सगळी आळी उभी होती. वत्सलाबाई छत्री टेकून, पिंपळे, त्यांची म्हातारी, नाना. कुणी तरी माझा शर्ट दिला. पिंपळ्यांच्या म्हातारीने माझ्या उघड्या पिशवीत बघितलं, पासपोर्ट बाहेर काढला, उलटासुलटा केला आणि परत ठेवला. “अगं बाई,” ती म्हणाली, “खरंच की.” आणि मग ती आत जाऊन वाटीत दही घेऊन आली.

“आता माझ्या टाकीचं काय?” वत्सलाबाई म्हणाल्या. “जोडलेलं सोडलंत. गाडी दारात आहे माझी.”

“परत जोडू,” नाना म्हणाले. “कुमे, डाग दे. सगळ्यांसमोर दे. भोकाच्या कडेने हात घालून कुणी तरी दाबून धरायला हवा. मी धरतो.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “पोट्या, तू नीघ. स्टँड लांब आहे.”

टाकी चार जणांनी मिळून फिरवली, तोंड अंगणाकडे केलं. नाना बाही सारायला लागले. त्यांच्या आधी मी भोकाच्या कडेने हात घातला. खांद्यापर्यंत घातला, आतून रेडिएटर पत्र्यावर ओढून धरला आणि गाल टाकीला टेकला. तिथून मला कुमुदचे हात दिसत होते, बाकी काही नाही.

“हलू नकोस,” ती म्हणाली.

“नाही हलत.”

तिने वरचा डाग दिला. पत्र्यातून ऊब माझ्या गालापर्यंत आली. बाई दिवा चालवते आहे हे बघायला सगळे टाचा उंच करून उभे होते. तिने खालचा डाग दिला, फडक्याने निपटला आणि दिवा विझवला.

लांब स्टँडच्या बाजूने हॉर्न वाजला. एकदा, मग लांबलचक एकदा. नानांना तो ऐकू आला नाही.

“झालं रे,” ते म्हणाले. “काढ हात.”

“गरम आहे अजून,” मी म्हणालो. “हललं तर जोड दुखावेल.”

नानांनी माझ्याकडे बघितलं, मग जोडाकडे. दह्याची वाटी हातात धरून म्हातारी उभीच होती. डाग दोन फुंकरीत थंड होतो. आमच्या आळीत हे रांगत्या पोरालाही कळतं, आणि सबंध आळी तिथे उभी होती. मुंबईची बस पुलावर चढली, गिअर बदलला, पलीकडे उतरली, तिचा आवाज विरला, तरी माझा हात आतच होता. आणि कुमुद त्या थंडगार जोडावर वाकून हळूहळू फुंकर घालत होती.